वाळूतल्या मेणबत्त्या

परदेशी माणूस आमच्या चर्चमध्ये शिरला की हमखास एक चूक करतो. दाराशी टेबल मांडून योन्का बसलेली असते. तिच्याकडून तो बोटाएवढी बारीक पिवळी मेणबत्ती घेतो, डोळे मिटून घरच्यांची नावं घेतो, आणि जिथे हात सहज पोचतो तिथे, म्हणजे खाली जमिनीलगतच्या वाळूच्या परातीत ती खोचून देतो. मग समाधानाने फोटो काढतो. बिचाऱ्याला ठाऊक नसतं की आत्ताच त्याने आपली बायको, पोरं, सगळ्यांना मारून टाकलं. कारण आमच्याकडे जित्या माणसाची मेणबत्ती वर, छातीच्या उंचीवरच्या पितळी तबकात लावतात, आणि गेलेल्याची खाली वाळूत. ही चूक आमचं शेंबडं पोरही करत नाही.

योन्का लगेच उठायची. गुडघे धरत, कुरकुरत ती वाळूतली मेणबत्ती उपटायची आणि वर नेऊन लावायची. "जिते आहेत रे बाबा, जिते आहेत," असं पुटपुटायची. कुणाला सांगायची कोण जाणे. बहुधा भिंतीवरच्या संतांना. मी माझ्या घोळक्याला सांगायचे, "घाबरू नका, या बाईंनी तुमच्या माणसांना परत जिवंत केलं." लोक खो खो हसायचे. मी या गावात गाइड आहे. राजांच्या गोष्टी सांगून घसा कोरडा करते, पण माझ्या अख्ख्या फेरीत सगळ्यात जास्त दाद मिळायची ती या एका वाक्याला.

योन्काला मी लेल्या म्हणते. लेल्या म्हणजे मावशी, आत्या, शेजारीण, जी कुणी वयाने मोठी असेल ती. बल्गेरियातल्या या आमच्या वेलिको तर्नोवो गावात तिला सगळेच लेल्या म्हणतात, कारण निम्म्या गावाला तिने कधी ना कधी विनातिकीट गडावर सोडलेलं आहे. चर्चमध्ये बसायच्या आधी तिची सगळी नोकरी गडाच्या तिकीट खिडकीत झाली. खिडकी एवढीशी. आत ती, एक विजेची शेगडी आणि दह्याचं भांडं. पर्यटक विचारायचे, "गड बघायला किती वेळ लागतो?" ती म्हणायची, "तुर्कांना तीन महिने लागले. तुम्हाला दोन तास पुरेत."

गडाबद्दल तिला फारसा आदर नव्हता. "हरलेल्यांचा गड तो," म्हणायची. "राजे होते तेव्हा होते. आता काय, चढ आणि गवत." गद्दारांचा कडेलोट करायचे तो खडक दाखवून मी जे काही रंगवून सांगायचे, ते खिडकीतून तिच्या कानावर जायचं. उतरताना मला हटकायची, "काय गं सेव्दा, काल तिघांना ढकललंस, आज पाच जण? तुझ्या जिभेला हाड आहे का?" मी म्हणायचे, "लेल्या, आज जर्मन आहेत. त्यांना तिघं पुरत नाहीत."

तिचं घर गुर्को गल्लीत, नदीच्या वरच्या उतारावर. आमच्या गावात जमीन अशी नाहीच, नुसती चढण. त्यामुळे घरं एकमेकांच्या खांद्यावर बसलेली. वरच्या रस्त्याने दारात शिरलं की आपण तिसऱ्या मजल्यावर असतो. योन्काच्या छपराच्या वर दोब्राचं अंगण. दोब्राने अंगण धुतलं की पाणी योन्काच्या छपरावर, आणि योन्काने वांगी-मिरच्या भाजल्या की धूर दोब्राच्या नाकात. दोघींची मैत्री लग्न होऊन आल्यापासूनची, आणि भांडणंही तेव्हापासूनचीच.

योन्काचा नवरा मिन्को बस चालवायचा. छातीत कळ येऊन गेला, तेव्हा त्यांचा रायचो शाळेत होता. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो आणि नाव छापलेला कागद दारावर लावतात. चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, पुढे दर वर्षी एक. ऊन लागून चेहरा पांढरा पडायच्या आत दुसरा येतो. गल्लीतल्या निम्म्या दारांवर अशी मेलेली माणसं राखण करत असतात. एका पाहुण्याने मला विचारलं होतं, "निवडणुका आहेत का तुमच्याकडे? उमेदवार फार म्हातारे दिसतात." योन्काला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्याला म्हणावं, आमचे हे उमेदवार एकदा निवडून आले की खुर्ची सोडत नाहीत."

रायचो तिचा एकुलता एक. सडसडीत, तोंडाळ, आईसारखाच. संध्याकाळी गडावर दिव्यांचा खेळ व्हायचा. अजूनही होतो. पाहुण्यांचा मोठा जथा आला की अख्खा डोंगर रंगीत उजेडात न्हातो, घंटा वाजतात, आणि दिव्यांनीच सगळा इतिहास सांगतात. राजांचा काळ सोनेरी. मग तुर्क येतात, तेव्हा सगळा गड लालभडक होतो. मग मिट्ट अंधार. पाचशे वर्षांची गुलामी आम्ही मिनिटभराच्या अंधारात उरकतो, खुर्च्यांवरचे पाहुणे कंटाळू नयेत म्हणून. गड लाल झाला की छोटा रायचो गल्लीतून ओरडत पळायचा, "हरलो! हरलो!" जणू बातमी आत्ताच आली आहे. म्हातारी माणसं खिडकीतून शिव्या घालायची, आणि योन्का दारात उभी राहून हसायची. तिला त्याचं सगळंच हसू यायचं.

पुढे कारखाने बंद पडले आणि गाव पोरांपासून रिकामं व्हायला लागलं. रायचो स्पेनला गेला, संत्र्यांच्या बागांमध्ये. तेव्हा आम्हाला तिकडे काम करायची मुभा नव्हती. पोरं चोरून जायची, कुणाच्या तरी नावावर राबायची. दर रविवारी बूथवरून फोन करायचा. "आई, इथे जमीन सपाट आहे गं. चालताना पडल्यासारखं वाटतं." एका ईस्टरला त्याचा फोन आला. अंडी रंगवलीस का विचारलं त्याने. त्यानंतर आला नाही.

पहिल्या वर्षी आम्ही सगळे म्हणत होतो, येईल. दुसऱ्या वर्षी म्हणत होतो, तुरुंगात असेल, सुटेल. तिसऱ्या वर्षी लोक तिच्यासमोर विषय टाळायला लागले. तिने वकिलाती पालथ्या घातल्या, पण त्या नावाचा माणूस स्पेनमध्ये कधी आलाच नव्हता असं उत्तर मिळायचं. निवृत्त झाली आणि चर्चमधलं मेणबत्त्यांचं टेबल मागून घेतलं. कारण मला लगेच कळलं. दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन ती रायचोची मेणबत्ती वरच्या तबकात, बरोबर मधोमध लावायची. ती विझत आली की तिच्यावरच दुसरी पेटवायची. तिथे दुसऱ्या कुणाची मेणबत्ती आली तर हलकेच बाजूला सरकवायची.

दोब्राला हे बघवेना. वर्षातून काही शनिवार आमच्याकडे मेलेल्यांचे असतात. बायका गव्हाच्या शिजवलेल्या घुगऱ्या, साखर, वाइन घेऊन थडग्यांवर जातात आणि चर्चमध्ये मेणबत्त्या लावतात. अशाच एका शनिवारी दोब्राने टेबलावरून आपल्या माणसांसाठी घेतल्या त्याहून एक मेणबत्ती जास्त घेतली.

"ही कुणाची?" योन्काने विचारलं.

"अगं, राहू दे ना. एक असू दे खाली."

"कुणाची म्हणते मी."

दोब्रा चाचरली. "वरती तू लावतेसच की. खाली मी एक लावते. तो असेल तर त्याचं काही बिघडत नाही, आणि नसेल तर... नसेल तर काळोखात नको गं बसायला लेकराने."

योन्काने तिच्या हातातली मेणबत्ती हिसकावली आणि तिचे दोन तुकडे केले. भरलेल्या चर्चमध्ये. "माझ्या जित्या पोराला वाळूत घालतेस? तुझ्या घरात दोन धडधाकट आहेत म्हणून जीभ चालते तुझी! ये इकडे." तिने दोब्राचं मनगट धरून तिला मरियेच्या तसबिरीपाशी ओढत नेलं. "ठेव हात. घे शपथ तुझ्या पोरांची. पुन्हा कधी त्याच्या नावाने खाली लावणार नाहीस. माझ्यासमोर नाही आणि माझ्या माघारीही नाही."

दोब्राने शपथ घेतली. रडत घेतली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. एकीचं पाणी दुसरीच्या छपरावर पडायचं तेवढंच.

काळोखाची गोष्ट सांगायला हवी. आमच्या खेड्यांमधल्या म्हाताऱ्या सांगत आल्या आहेत की पलीकडे उजेड नसतो. इथे वाळूत मेणबत्ती लावली की तिथे त्या माणसाच्या हातात ती पेटते. जितका वेळ इथे जळते तितका वेळ त्याला दिसतं. ज्याच्यासाठी कुणीच लावत नाही तो दुसऱ्यांच्या बाहीला धरून चालतो, आणि दुसऱ्यांनी झटकलं की एका जागी बसून राहतो. धर्मग्रंथात हे कुठेही नाही. पण योन्काला हे तिच्या आजीने सांगितलेलं होतं, आणि आजीने सांगितलेल्यापुढे ग्रंथाचं काय चालतंय.

तो माणूस आला तेव्हा सप्टेंबर होता. दुपारची वेळ. मी वीसेक डच पाहुण्यांना घेऊन भिंतीवरची चित्रं दाखवत होते. तो एकटाच आत आला. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, अंगावर कडक नवे कपडे. टोपी हातात घेऊन टेबलासमोर उभा राहिला.

"एक मेणबत्ती द्या, लेल्या."

"जित्यासाठी की गेलेल्यासाठी?" हे ती सगळ्यांना विचारायची. परदेशी राहून आलेले आपलेच लोक आताशा विसरतात.

"गेलेल्यासाठी."

"देव त्याला क्षमा करो," योन्का म्हणाली. हेही ती सगळ्यांना म्हणायची. तसं म्हणायचंच असतं. "कोण, नातलग?"

"नाही. सोबती होता. स्पेनमध्ये एका खोलीत राहायचो. तुमच्याच गावचा, रायचो म्हणून."

माझं वाक्य अर्धवट राहिलं. डच लोक माझ्याकडे बघत होते. योन्काचा हात मेणबत्त्यांच्या खोक्यात होता, तो तसाच राहिला.

"रायचो पुष्कळ असतात," ती म्हणाली.

"असतील. हा गडाखालचा. त्याची आई गडावर तिकिटं विकायची म्हणे. लहानपणी गडावर लाल दिवे लागले की हा गल्लीतून ओरडत सुटायचा, हरलो हरलो करून." तो किंचित हसला. "तिथेसुद्धा. दिवस मावळताना आभाळ लाल झालं की ओरडायचा. मग आम्ही सगळेच ओरडायचो. अडाणी स्पॅनिश मुकादमाला वाटायचं, आमच्यात सुट्टी झाली की असंच म्हणतात."

"कधी गेला?"

"झाली सात वर्षं. ईस्टर होऊन थोडेच दिवस झाले होते. आम्ही ट्रॉलीत मागे बसलो होतो, ती कालव्यात उलटली."

"लगेच गेला का?"

"लगेच," तो म्हणाला आणि खाली बघायला लागला. मला कळलं की लगेच नव्हे. तिलाही कळलंच असणार.

"पुरलंय कुठे?"

"तिथेच. पण त्याच्या नावाने नाही, लेल्या. आम्ही सगळे दुसऱ्यांच्या कागदांवर होतो. त्याच्याकडे कुणा रुमानियन माणसाचे होते. क्रूसावर त्या माणसाचं नाव घातलं. आता तर तो क्रूसही नाही. गरिबांना तिथे काही वर्षंच जागा देतात, नंतर हाडं काढून सगळ्यांची एकत्र टाकतात. येण्याआधी मी गेलो होतो. तिथे दुसरंच कुणी होतं."

"आणि आईला कळवलं नाहीत."

त्याने टोपी हातात फिरवली. "आधी भीती वाटायची. पकडून परत पाठवतील म्हणून. नंतर लाज वाटायला लागली. इतका उशीर झाल्यावर कोणत्या तोंडाने सांगायचं? आता कायमचा आलो. आज सकाळी धीर करून गडावर गेलो, खिडकीत विचारलं. तिथली मुलगी म्हणाली, त्या बाई निवृत्त झाल्या, घर नाही माहीत. खोटं कशाला बोलू, लेल्या, मला हायसं वाटलं. आईच्या डोळ्यांत बघून सांगायचं म्हणजे... म्हटलं, त्याच्या गावात एक मेणबत्ती लावू आणि जाऊ."

मी पुढे झाले. काय म्हणणार होते, देव जाणे. योन्काने माझ्याकडे बघितलं. विनातिकीट शिरणाऱ्या माणसाकडे ती खिडकीतून बघायची, तसं. मी जागच्या जागी थांबले.

तिने खोक्यातून मेणबत्ती काढली, दोन-तीन चाचपून त्यातली सरळ बघून काढली, आणि त्याच्या हातात दिली. "खाली, वाळूत," ती म्हणाली. "कडेला नको. दारातून वारा येतो. आत मधोमध लावा."

त्याने वाकून लावली. क्रूसाची खूण केली. परत येऊन पैसे काढायला लागला तर तिने हात आडवा केला.

"नाव काय तुमचं?"

"कान्यो."

"आई आहे का, कान्यो?"

"आहे. खेड्यात असते."

"मग ही घ्या दुसरी. तिच्यासाठी. वर लावा."

त्याने आईसाठी वर लावली, टोपी घातली आणि निघून गेला. तो जाताना दारातून दिसत होता तोवर ती बसून होती. मग टेबलाला धरून उठली आणि वाळूच्या परातीपाशी फरशीवर बसली. माझ्या डच लोकांना वाटलं, ही प्रार्थनेची पद्धत असेल. एकाने फोटो काढला. मी त्याला डचमध्ये नव्हे, चांगल्या खणखणीत बल्गेरियनमध्ये शिवी दिली आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

परत आले तरी ती तिथेच होती.

"का नाही सांगितलंस त्याला?" मी विचारलं. "तूच आई म्हणून?"

"कशाला? त्याने माझ्या पोराला पहिला उजेड दाखवला. त्यालाच रडवू?" मेणबत्ती अर्ध्यावर आली होती. "सेव्दा, ही पहिली. सात वर्षांतली पहिली खालची. वर लावलेली मेलेल्याला दिसत नाही गं. मी त्याला काळोखात बसवून ठेवलं. दर रविवारी यायचे आणि त्याला काळोखात बसवून जायचे. माझ्या हाताने."

मी तिला जवळ घेतलं.

आमचे पाद्री गाव्राईल म्हातारे आहेत, भले आहेत. त्यांनी तिला समजावलं. "योन्का, मुली, देवाच्या दारी वर आणि खाली असं काही नसतं. आईची प्रार्थना कुठूनही पोचते."

"मग दोन जागा कशाला केल्यात, आजोबा?" ती म्हणाली. "एकच ठेवायची होती. आम्ही अडाणी बायका, जिथे सांगितलं तिथे लावत आलो."

तीन-चार दिवस ती घरातून बाहेर पडली नाही. मग एका संध्याकाळी मला निरोप आला, ये, माझ्याबरोबर वर चल. वर म्हणजे दोब्राकडे. एकटीने जायचं धाडस तिला होत नव्हतं.

गल्लीला वळसा घालून आम्ही दोब्राच्या अंगणात गेलो. ती हिवाळ्यासाठी मिरच्या सोलत होती. योन्काला बघून ताडकन उभी राहिली, हात ॲप्रनला पुसायला लागली. बातमी तिच्यापर्यंत पोचलेली होती, पण उतरून यायला तिचा पाय उचलला नव्हता. समोर गडावर कसल्या तरी सहलीसाठी दिव्यांची तयारी चालली होती, मधूनच एखादा बुरुज हिरवा व्हायचा.

"दोब्रा," योन्का म्हणाली, "एक विचारायला आले. खरं सांग. मी शपथ घातली होती तुला. ती तू मोडलीस का?"

तिचा आवाज मी आजवर असा ऐकला नव्हता. अगदी हळू. मला कळलं ती काय मागत होती. एकदा तरी. चोरून, माघारी, माझ्यावर चिडून का होईना, एकदा तरी लावली असशील ना गं.

पण दोब्राला ते कळलं नाही. तिला वाटलं, ही जाब विचारायला आली. इतक्या वर्षांचा अपमान तिच्या डोळ्यांत भरून आला.

"मी?" ती म्हणाली. "मी शपथ मोडेन? माझ्या पोरांच्या डोक्यावरची शपथ? मरियेची आण, योन्का, एकदाही नाही! कितीदा मनात आलं, मेणबत्ती हातात घेऊनसुद्धा परत ठेवली. मेलेल्यांच्या शनिवारी माझ्या आईची लावली, बापाची लावली, तुझ्या मिन्कोचीही लावली. त्याची नाही लावली. तुझा शब्द मी पाळला हो! कुणालाही विचार!"

योन्काने मान हलवली. "हो," ती म्हणाली. "तू कुठली मोडायला."

गड लाल झाला तेव्हा आम्ही अजून अंगणातच होतो. दोब्रा मिरच्यांच्या टोपलीजवळ उभी राहून रडत होती. आपण नक्की काय केलं हे तिला आत्ता कुठे उमगायला लागलं होतं. "अगं मला कुठे ठाऊक होतं... अगं मला सांगायचंस तरी..." योन्का तिच्या पाठीवर थोपटत होती, पण बघत होती गडाकडे. लाल विझलं आणि अंधार झाला. मी इतकी वर्षं पाहुण्यांना त्या अंधाराचा अर्थ सांगते आहे. त्या दिवशी तो संपता संपेना.

उतरताना मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "लेल्या, तुला सांगितलं नव्हतं. मी लावली होती एकदा. खाली. दोन वर्षांपूर्वी, तू बाहेर गेली होतीस तेव्हा."

ती थांबली. आशेने बघितलं माझ्याकडे, क्षणभरच. मग माझ्या गालावर हात ठेवला. "पाच जणांना ढकलणारी तू," ती म्हणाली. "राहू दे गं, पोरी."

रायचोचा कागद आता मिन्कोच्या शेजारी दारावर आहे. फोटो तो निघाला त्या उन्हाळ्यातला, त्यामुळे बाप पोक्त आणि पोरगा कायमचा तरणा. गेल्याची तारीख छापलेली नाही. पाहुणे अजून फोटो काढतात. दोब्रा आता रोज उतरून येते, सूप आणते, आणि दोघी न बोलता बसतात. बोलणं सुरू झालं पण बोलायला राहिलं काय, असं झालं आहे.

योन्का पुन्हा टेबलावर बसायला लागली. आम्हाला वाटलं, बरं झालं, माणसांत आली. ऑक्टोबरात मी एक इंग्रज जोडपं घेऊन गेले. बाई हसरी होती, बडबडी. लंडनमध्ये तिच्या मुलीचे दिवस भरत आले होते, पहिलंच बाळंतपण. तिने मुलीसाठी म्हणून मेणबत्ती घेतली, डोळे मिटले, आणि वाकून थेट वाळूच्या परातीत खोचली. मी सवयीने योन्काकडे बघितलं. माझं ते वाक्य तोंडात तयार होतं.

योन्का जागची हलली नाही.

"लेल्या," मी म्हणाले. "अगं, मुलीची आहे. बाळंतीण व्हायची आहे पोर. वर लाव ना."

"राहू दे."

"अपशकुन आहे गं! जिती आहे ती!"

"जिती आहे ना?" योन्का म्हणाली. "मग तिला कशाला हवा उजेड? राहू दे तिथेच." आणि जरा वेळाने म्हणाली, "इतकी वर्षं, सेव्दा, हे परके लोक चुकून खाली लावत होते. दिवसाला कितीतरी. कुणाच्याच नावाच्या नव्हत्या त्या, ज्याला मिळतील त्याच्या. त्यातली एखादी त्याने उचलली असती. त्या सगळ्या मीच उपटून वर नेल्या."

इंग्रज बाईने मला विचारलं, या बाई काय म्हणताहेत? मी म्हणाले, तुमची मेणबत्ती छान लागली म्हणताहेत.